एक-तृतीयांशाचा हिशोब लागत नव्हता: आमच्या क्वांटम डॉट्सचं प्रकरण

मी दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्याकडे लेझर म्हणाल तर प्रॅक्टिकलला लागतो तो लाल हीलियम-निऑन, बस. फेमटोसेकंदवाला लेझर करोडोंचा असतो, त्याला एसीची खोली, कंप न होणारं टेबल, चोवीस तास स्थिर लाइन लागते, आणि आमच्याकडे मे महिन्यात दुपारी लाइन कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. पण डॉट्स बनवणं आमच्या हातात होतं आणि मोजमाप दुसरीकडं जाऊन करता येत होतं, त्यातून हे प्रकरण घडलं. ते पूर्ण लिहून ठेवतोय कारण हीच चूक दुसऱ्या कुठल्या लहान कॉलेजातल्या पोरांची होऊ नये असं मनापासून वाटतं, आणि त्या चुकीपायी आमची एक पोरगी आठवडाभर नीट जेवली नव्हती.

ती एम.एस्सी.ची, बाप कापूस-तुरीचा शेतकरी. २०२३ च्या ऑक्टोबरात केमिस्ट्रीचं नोबेल क्वांटम डॉट्सला मिळालं, बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना, आणि त्याच आठवड्यात फिजिक्सचं नोबेल अॅटोसेकंद प्रकाशाच्या पल्सेससाठी गेलं. ती वर्गात येऊन म्हणाली, सर, दोन्ही एकत्र करता येईल का, डॉट्स आपण बनवू आणि त्यांच्यात काय घडते ते एकदम फास्ट पाहू. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग, फेमटोसेकंद त्याचाही हजारावा आणि अॅटोसेकंद त्याच्याही हजारावा. अॅटोसेकंद आपल्या आवाक्यातलं नाही, पण फेमटो-पिकोसेकंदात डॉट्स पाहायचं काम पंचवीस-तीस वर्षांपासून जगभर चालू आहे, म्हटलं चल करू.

डॉट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कॅडमियम सेलेनाइड हा सेमीकंडक्टर मोठ्या तुकड्यात असला तर त्याची बँडगॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उचलायला लागणारी किमान ऊर्जा) १.७४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. त्याचाच ३-४ नॅनोमीटरचा कण केला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन उठून गेल्यावर मागे राहिलेली रिकामी जागा) दोघांनाही जागा अपुरी पडते, गॅप वाढते आणि रंग बदलतो. एकिमोव्हनं हे काचेत पाहिलं, ब्रूसनं द्रावणात, दोन्ही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि १९९३ मध्ये बावेंडीच्या टीमनं गरम द्रावणात झटकन इंजेक्शन मारून एकसारख्या मापाचे डॉट्स काढायची रीत दिली. आम्ही तीच रीत सोपी करून वापरली: कॅडमियम ऑक्साइड, ओलिक अॅसिड, ऑक्टाडेसीन, २२५ डिग्रीला तापवलेलं, त्यात सेलेनियमचं द्रावण सिरिंजनं एका दमात. कॅडमियम विषारी, म्हणून फ्यूम हूड, ग्लोव्ह्ज आणि वेस्टची वेगळी बरणी, यात मी कुणाला सूट देत नाही. पहिले दोन बॅच लाइन गेल्यानं वाया गेले, हीटिंग मँटल आमच्या इन्व्हर्टरवर चालत नाही, तापमान पडलं की सगळ्या मापांचे डॉट्स एकत्र निघतात. तिसरा बॅच पहाटे चारला सुरू केला आणि तो सुंदर निघाला, फ्लास्कमधला रंग पिवळा, नारिंगी, मग लालसर होत गेला, त्यातलाच एक नमुना मधेच काढून थंड केला. शोषणाचा पहिला पीक ५६० नॅनोमीटरला, म्हणजे व्यास साधारण ३.३ नॅनोमीटर. पोरीनं ती शीशी यूव्ही टॉर्चखाली धरली तेव्हा हिरवट-पिवळा उजेड तिच्या बोटांवर पडला होता, तो मला अजून दिसतो.

आता हे न्यायचं कसं. टोल्युइन, हेक्झेन असले ज्वलनशील सॉल्व्हंट रेल्वेत नेता येत नाहीत, म्हणून डॉट्स इथेनॉल घालून खाली बसवले, धुतले, सुकवले आणि छोट्या शीशीत भरले, तिथं पोचल्यावर परत टोल्युइनमध्ये विरघळवायला. तिनं एसटीनं बडनेरा गाठलं आणि रात्रीची गाडी धरली. चार दिवसांचा स्लॉट एका मोठ्या लॅबनं दिला होता, त्या लॅबचं नाव इथं देत नाही.

तिथलं मोजमाप पंप-प्रोब प्रकारचं. लेझर दर सेकंदाला हजार पल्स सोडतो, प्रत्येक पल्स साधारण १०० फेमटोसेकंदांची, ८०० नॅनोमीटरची. तिचा एक भाग क्रिस्टलमधून काढून ४०० नॅनोमीटरचा निळा-जांभळा करतात, तो पंप. दुसरा भाग सफायरच्या चकतीत फोकस करून त्यातून पांढरा प्रकाश काढतात, तो प्रोब. पंप डॉटमध्ये इलेक्ट्रॉन वर उचलतो, मागे होल राहतं, ही जोडी म्हणजे एक्सिटॉन. प्रोब थोड्या वेळानं येऊन पाहतो की वरची जागा अजून भरलेली आहे का, भरलेली असेल तर त्या रंगाचं शोषण कमी दिसतं, याला ब्लीच म्हणतात. "थोड्या वेळानं" म्हणजे किती, ते आरशांच्या सरकत्या पट्टीवर ठरतं. एका पिकोसेकंदात प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो, जाऊन-येऊन धरलं तर पट्टी फक्त ०.१५ मिलिमीटर सरकवायची, वहीची दोनेक पानं एकावर एक ठेवल्याएवढी. घड्याळानं जे कधीच मोजता येणार नाही ते असं अंतरानं मोजायचं. ही युक्ती मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी मलाच नव्यानं आनंद होतो. शिवाय एक चॉपर पंपाच्या दर दुसऱ्या पल्सला अडवतो, म्हणजे पंपसह आणि पंपाविना अशी वजाबाकी लगेच होते.

आमची अपेक्षा साधी होती. पंपाची ताकद इतकी कमी ठेवायची की डॉटमागे सरासरी ०.१ एक्सिटॉन बनेल. मग एकट्या एक्सिटॉनचं आयुष्य वीस-तीस नॅनोसेकंदांचं, म्हणून आपल्या ३ नॅनोसेकंदांच्या खिडकीत ब्लीच जवळजवळ सपाट राहायला हवी. आणि दिसलं काय, तर एक-तृतीयांश सिग्नल १०० ते १२० पिकोसेकंदांतच खाली आला आणि उरलेला सपाट.

रात्री साडेनऊला तिचा फोन. आवाज बसलेला. "सर, ते म्हणून राहिले सॅम्पलच खराब आहे. सुकवून आणलं, धुताना लिगँड निघाले, सरफेसवर ट्रॅप झाले. गावाकडून आलेल्या सॅम्पलमध्ये असं असतेच म्हणे." शेवटचं वाक्य तिला जास्त लागलं होतं. मलाही लागलं. पण रागानं डेटा बदलत नाही आणि ट्रॅपची शंका चुकीची नव्हती, खरंच असं होतं, इथेनॉलनं जास्त धुतलं की लिगँड, म्हणजे डॉटला चिकटून असलेलं ओलिक अॅसिड, सुटतं आणि पृष्ठभागावर मोकळे अणू राहतात, त्यात चार्ज अडकतो, तोच ट्रॅप. म्हणून मी तिला म्हटलं, चिडू नको बेटा, उद्या थोडं ओलिक अॅसिड परत टाक, रात्रभर ठेव आणि परत मोज, आणि सगळ्या रॉ फाइल्स पेनड्राइव्हवर घेऊन ये, अॅव्हरेज केलेली एकच फाइल नको, प्रत्येक स्कॅनची वेगळी. हे मी काही सुचून म्हटलं नव्हतं, जुनी सवय म्हणून म्हटलं होतं.

ओलिक अॅसिड टाकल्यावर चमक थोडी वाढली, पण तो उतार तसाच राहिला. हा ट्रॅपच्या विरोधातला पहिला पुरावा. दुसरी गोष्ट अशी की कॅडमियम सेलेनाइडच्या या ब्लीचमध्ये मुख्य वाटा इलेक्ट्रॉनचा असतो, होल ट्रॅपमध्ये गेलं तरी ब्लीच फारशी हलत नाही, म्हणजे ट्रॅप जबाबदार धरायचा तर तो इलेक्ट्रॉनचाच हवा.

स्लॉट संपला, ती परत आली, आणि पुढचे सात-आठ दिवस आमचा सगळा अभ्यास माझ्या घरच्या ओसरीवर झाला.

तिची दुसरी शंका मोठी आकर्षक होती. म्हणाली, सर, एका फोटॉनातून दोन एक्सिटॉन निघाले असतील तर? मग दोन एक्सिटॉनवाला डॉट लवकर विझेल न. वाचून आली होती. (फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण.) २००४ साली अमेरिकेतल्या लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेच्या शॅलर आणि क्लिमोव्ह यांनी लेड सेलेनाइडच्या डॉट्समध्ये हे दाखवलं होतं, सोलर सेलसाठी केवढी मोठी गोष्ट! पण इथं आधी पैशाचा हिशोब करावा लागतो. आमच्या डॉटची गॅप ५६० नॅनोमीटर म्हणजे २.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, पंपाचा फोटॉन ४०० नॅनोमीटर म्हणजे ३.१. दोन एक्सिटॉनला किमान ४.४ पाहिजेत. ३.१ रुपये घेऊन बाजारात गेलं तर २.२ ची एकच वस्तू येते, दुसरी कुणी उधार देत नाही. ती शंका तिथंच संपली.

मग तिसरी, की पंपच जास्त होता आणि काही डॉट्सनी दोन-दोन फोटॉन गिळले. दोन एक्सिटॉन एका डॉटमध्ये आले की एक जोडी विझताना आपली ऊर्जा प्रकाश म्हणून न टाकता शेजारच्या इलेक्ट्रॉनला किंवा होलला देऊन टाकते, याला ऑजे म्हणतात, आणि ते फार जलद होतं, दहा ते शंभर पिकोसेकंदांत. डॉट लहान तर आणखी जलद, लागणारा वेळ साधारण घनफळाच्या प्रमाणात, हे २००० साली क्लिमोव्हच्याच टीमनं मोजलं आहे.

हे तपासायला मी तिला छप्पर दाखवलं. आमच्या मागच्या पडवीवर अजून कवेलू आहेत. म्हटलं, समज एक हजार कवेलू आणि पहिल्या पावसाचे शंभरच थेंब, कुठंही पडणारे. सरासरी ०.१. किती कवेलूंवर दोन थेंब पडतील? तिनं पॉइसनचा फॉर्म्युला मांडला: ९०५ कोरडे, ९० वर एक थेंब, आणि फक्त ५ वर दोन किंवा जास्त. म्हणजे ओल्या ९५ मध्ये ५. शेकडा पाच. आमचा जलद भाग मात्र शेकडा तेहतीसच्या आसपास. इतका फरक पडायला पंपाची ताकद मोजण्यात सात-आठ पटींची चूक व्हायला हवी होती, आणि तिनं तर पॉवर मीटरचं रीडिंग, ठिपक्याचा व्यास, सगळं वहीत लिहून आणलं होतं, परत हिशोब केला तर तोच ०.१.

आणखी एक खूण होती जी मी दोन दिवस पाहूनही पाहिली नव्हती. तिनं एक मोजमाप मुद्दाम जोरदार पंपावर पण घेतलं होतं, त्यात दोन एक्सिटॉनचा जलद उतार स्वच्छ दिसत होता, ३० पिकोसेकंदांचा. आणि कमी पंपावरचा उतार ११० चा. एकच गोष्ट असती तर आकडा एकच आला असता! दोन एक्सिटॉन ३० मध्ये विझत असतील तर ११० मध्ये विझणारं हे कोण? जवळजवळ चौपट. चौपट म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला: ट्रायॉन. म्हणजे एक एक्सिटॉन आणि वर एक जास्तीचा इलेक्ट्रॉन किंवा होल. दोन एक्सिटॉनवाल्या डॉटमध्ये ऑजेच्या वाटा मोजल्या तर ट्रायॉनच्या चौपट भरतात, दोन्ही प्रकारचे ट्रायॉन सारख्याच वेगानं विझतात असं धरलं तर, म्हणून ट्रायॉनचं आयुष्य चौपट.

पण डॉटमध्ये जास्तीचा चार्ज आला कुठून? आम्ही तर साधे डॉट्स टाकले होते.

इथं त्या रॉ फाइल्स कामी आल्या. एक स्कॅन साधारण मिनिटभराचा, असे सहा, आणि सॉफ्टवेअर सहाही एकत्र करून एकच गुळगुळीत रेघ देतं. तिनं एक्सेलमध्ये सहाही वेगवेगळे टाकले. रात्रीचे अकरा वाजले असतील, लाइन गेलेली, लॅपटॉपची बॅटरी अठरा टक्के, आणि स्क्रीनवर पहिल्या स्कॅनची रेघ बाकीच्यांपासून वेगळी, वर. जलद भाग पहिल्यात शेकडा वीस, दुसऱ्यात तीस, तिसऱ्यापासून पस्तीसवर जाऊन थांबलेला. ती बोललीच नाही काही, नुसतं बोट ठेवलं स्क्रीनवर. ट्रॅप असते तर पहिल्या स्कॅनलाही तेवढेच असते. सॅम्पल खराब आलं नव्हतं, मोजता मोजता बदलत होतं.

असं का होतं ते नीट सांगतो कारण सगळं प्रकरण इथंच आहे. चॉपरनंतर सेकंदाला ५०० पंप पल्स सॅम्पलवर पडतात. डॉटमागे ०.१ म्हणजे प्रत्येक डॉट सेकंदाला ५० वेळा उत्तेजित होतो. आता समजा पाच हजारांत एकदा असं घडतं की इलेक्ट्रॉन किंवा होल डॉटच्या बाहेर, लिगँडमध्ये किंवा पृष्ठभागावर जाऊन बसतं. फार क्वचित, एखाद्या पल्सला तर लक्षातही येणार नाही. तरी शंभर सेकंदांत एकदा प्रत्येक डॉटवर ही वेळ येणारच. आणि तो चार्ज परत यायला किंवा तो डॉट तिथून सरकायला समजा ५० सेकंद लागतात. दोन्ही वेग मांडले तर शेवटी बरोबर एक-तृतीयांश डॉट्स चार्ज झालेले उभे राहतात. आकडे मी उदाहरणाला धरलेत, पण आमच्या स्कॅनचा चढ यात छान बसतो. डॉट सरकत का नाहीत? तर पंपाचा ठिपका ०.४ मिलिमीटरचा आणि ३ नॅनोमीटरचा कण टोल्युइनमध्ये आपोआप त्यातून बाहेर पडायला मिनिटभर तरी घेतो. म्हणजे पुढच्या पल्सला तेच डॉट्स, त्याच्या पुढच्याला पण तेच, मिनिटाला ३०,००० वेळा. लेझर जलद आहे म्हणून आपण समजतो की सगळं पिकोसेकंदात संपलं, पण सॅम्पलची आठवण मिनिटांची असते.

आणि चॉपरची वजाबाकी इथं उपयोगाची नाही. ती एका मिलिसेकंदाच्या आतलं पकडते. चार्ज कितीतरी सेकंद टिकतो, तो पंपसह पण असतो आणि पंपाविना पण असतो, वजाबाकीत तो निघून जातो आणि मागे फक्त त्याचा परिणाम, हा ११० पिकोसेकंदांचा उतार, दिसत राहतो.

पोरगी घरी जाऊन बापाला हे सांगत होती. त्यांनी "पंप" ऐकलं आणि त्यांच्यापुरता अर्थ लावला, फवारणीचा. ते म्हणाले, "पंप एकाच झाडावर धरून राह्यलं तर पान करपतेच न बाप्पा. चालत राहा लागते, म्हनून तं आमी तासातासानं चालतो." (तास म्हणजे पिकाची ओळ.) ती दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, सर, बाबानं उपाय पण सांगितला.

उपाय तोच आहे, ढवळणे. आणि तो जगात आधीच सापडलेला होता, हे मला त्याच आठवड्यात जुने पेपर काढून वाचताना कळलं, आधी माहीत असायला हवं होतं. एका फोटॉनातून दोन एक्सिटॉनच्या त्या २००४ च्या शोधानंतर दुसऱ्या लॅब्जना वेगवेगळे आकडे येऊ लागले, कुठं भरपूर, कुठं काहीच नाही. २००६ मध्ये एका फोटॉनातून सात एक्सिटॉनपर्यंतचा दावा झाला. २००७ मध्ये नायर आणि बावेंडी यांनी कॅडमियम सेलेनाइडमध्ये तपासलं, त्यांना काही मिळालं नाही. २००८ मध्ये मॅग्वायर आणि क्लिमोव्हच्या टीमनं स्थिर सॅम्पल आणि ढवळलेलं सॅम्पल शेजारी ठेवून मोजलं आणि दिसलं की ढवळलं नाही तर काही सॅम्पल्समध्ये आकडा फुगतो, कारण चार्ज झालेले डॉट्स. ज्या क्लिमोव्हच्या नावावर मूळ शोध होता त्यांच्याच टीमनं हे तपासून छापलं, याचा मला फार आदर वाटतो. मूळ गोष्ट खोटी नव्हती, फक्त लहान होती. पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या एनआरईएल संस्थेत लेड सेलेनाइडच्या सोलर सेलमधून काही रंगांच्या प्रकाशाला शंभर फोटॉनमागे शंभराहून जास्त इलेक्ट्रॉन बाहेर मोजले गेले.

आम्ही त्या लॅबला ईमेल लिहिली. चार ओळी, सहा स्कॅनचा ग्राफ, आणि विनंती की एक दिवस द्या. दोष कुणाला दिला नाही. त्यांनी दिला दिवस, दोन महिन्यांनी, आणि या वेळी मी पण सोबत गेलो.

क्युव्हेट (सॅम्पल भरायची काचेची चपटी कुपी) २ मिलिमीटरचं, त्यात तांदळाच्या कणीएवढं चुंबक टाकलं, खालून दुसरं चुंबक फिरवलं. ते मधेच अडकायचं, अर्धा तास त्यातच गेला, शेवटी क्युव्हेट जरासं उचलून बसवलं तेव्हा नीट फिरायला लागलं. सॅम्पल ०.७ मिलिलिटर, त्यातला प्रकाशातला भाग तीन हजारांत एक, म्हणजे ढवळल्यावर कुठलाही डॉट क्षणभरच पंपासमोर येतो आणि निघून जातो. तोच जुना सॅम्पल, तोच बॅच, तीच ताकद. आधी ढवळणं बंद ठेवून घेतलं, ३३ टक्के. मग चालू केलं. ऑपरेटर दादा मागे उभे होते, त्यांनीच पट्टी हलवली. पहिला स्कॅन सपाट, दुसरा सपाट, सहावा पण सपाट, सहाही रेघा एकमेकींवर. जलद भाग शेकडा पाच, कवेलूवाल्या हिशोबाइतका, आणि त्याचा आकडा ३० पिकोसेकंद. मग ती स्वतःहून म्हणाली, आता परत बंद करा. बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांत उतार परत आला. पंप अडवून पाच मिनिटं थांबलो तर पहिला स्कॅन पुन्हा वर. चालू-बंद असं तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

ऑपरेटर दादा म्हणाले, "मॅडम, सॅम्पल चांगलं आहे तुमचं." तिनं मान हलवली आणि वहीत वेळ लिहिली, ४ वाजून १० मिनिटं.

मला एक गोष्ट अजून सलते. ट्रॅप म्हणणं सोपं होतं आणि सॅम्पल गावाकडून आलं म्हणून ते जास्तच सोपं झालं, पण मी स्वतः पण पहिले दोन दिवस तेच खरं धरून बसलो होतो, तिच्या धुण्याच्या पायऱ्या तीन-तीनदा विचारल्या. ते विचारताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहायला हवं होतं.

आता आमच्या लॅबच्या वहीत प्रत्येक मोजमापासमोर तीन रकाने जास्तीचे आहेत: ढवळलं की स्थिर, पल्स किती, आणि पहिला व शेवटचा स्कॅन वेगळे काढून पाहिले का. पुढचं काम कॅडमियम सेलेनाइडवर कॅडमियम सल्फाइडचं जाड कवच चढवायचं, त्यानं इलेक्ट्रॉन-होल पृष्ठभागापासून दूर राहतात आणि ऑजे पण मंदावतं, मग चार्ज झालेला डॉट सुद्धा बराच वेळ उजेड देतो का ते पाहायचंय. त्याला तापमान तासन्‌तास एका जागी धरून ठेवावं लागतं. त्यासाठी जनरेटरचा अर्ज दिलाय, आणि तोपर्यंत आम्ही पहाटे चारलाच सुरू करून राहिलो.